ओठ वाचणारी वत्सला

वत्सलाला कमी ऐकू येतं, हे सुरतच्या डिंडोलीतल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिला किती दिसतं, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नळावर बायका तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल खुशाल बोलत. ती वळली की गप्प होत आणि मग तिच्या कानाशी येऊन ओरडत, जणू ती खोल विहिरीत उभी आहे. वत्सला हसून मान हलवायची. बायका चार हात लांब गेल्या की त्यांचं उरलेलं बोलणं त्यांच्या तोंडावरून वाचायची आणि तेव्हाही हसायची.

ही विद्या काही जादूटोण्याची नव्हती. सुरतेत यंत्रमागाच्या शेडला खातं म्हणतात. कडोदऱ्याच्या खात्यात चौसष्ट माग एका छपराखाली चालत. तिथे माणसाचा आवाज म्हणजे समुद्रात थुंकी. म्हणून खात्यातली माणसं बोलतात ती ओठांनी. एकेक अक्षर तोंडात फोडून दाखवायचं, हाताची खूण जोडीला द्यायची, की तीस हातांवरच्या माणसाला कळतं. वत्सला तिथे अकरा वर्षं कांड्या भरत होती. कापडात आडवा जाणारा धागा ज्या नळीवर गुंडाळतात ती कांडी. अकरा वर्षांत कान गेले आणि डोळे तयार झाले. परमेश्वर एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो असं म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. वत्सलाचे कान परमेश्वराने नाही, शेठच्या मागांनी नेले होते.

तिचा नवरा धुडकू त्याच खात्यात मागावर होता. नाकासमोर चालणारा, दारू न पिणारा, पारोळ्याकडचा गडी. एक मुलगी, मनीषा, नऊ वर्षांची. दोन दारं सोडून पोपट आणि लीला राहत. पोपटही त्याच खात्यात. लीला घरीच बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. दोन्ही घरं खान्देशातली, पण भाऊकी वेगळी. धुडकू आणि पोपट एकाच डब्यातली चटणी खाणारे. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत गाडीच्या टपावर बसून पळाली, तेव्हा पोपटने मनीषाला खांद्यावर घेऊन फलाटापर्यंत नेलं होतं. त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

त्या उन्हाळ्यात खात्यात एका कारागिराला करंट लागला. मेला बिचारा. शेठ म्हणाला, हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता. आणि खरोखरच, तो तिथे कामाला होता असं सांगणारा एक चिटोरा कुठे नव्हता. कोणाचाच नव्हता. तेव्हापासून पोपटच्या डोक्यात एकच घुसलं. प्रत्येकाला हजेरीचं कार्ड पाहिजे, त्यावर नाव पाहिजे. बुधवारी वीज नसे, खातं बंद असे. त्या दिवशी दुपारी त्याच्या घरी आठदहा माणसं जमू लागली. धुडकू सगळ्यांत आधी जाऊन बसायचा. आषाढात धुडकूला अचानक मास्तर केलं. आठ मागांवरची धावपळ सुटली, नुसतं देखरेखीचं काम आलं. वत्सलाला आनंद झाला. तिने लीलाच्या घरी शिरा नेऊन दिला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे तिला तो शिरा फार आठवला.

श्रावण लागला. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी खान्देशची देवी, कानबाई, घरात बसते. खान्देशातल्या माणसाला दिवाळीला गावी गेला नाहीस तरी चालेल, कानबाईला चुकू नकोस म्हणतात. त्या आठवड्यात सुरतेतली निम्मी खाती ओस पडतात. जे गावी जात नाहीत ते इथेच घर सारवून कानबाई बसवतात. त्या वर्षी धुडकूच्या भाऊकीची कानबाई वत्सलाच्या घरी बसायची होती.

सोमवारी पोपट सकाळच्या पाळीला गेला, तो परत आला नाही. मंगळवारी लीला दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागली. त्या दिवशी वत्सला तापामुळे घरी होती. धुडकू कामावरून आला, पाय धुतले आणि वत्सलाच्या कानाशी येऊन म्हणाला, "पोपट गावले गया. कानबाईले. मी उधना ठेसनवर दखा त्याले. लीलाले सांगी दे, बिचारी वाट दखी राह्यनी."

वत्सलाला बरं वाटलं. ती तशीच लीलाकडे गेली.

"पोपटभाऊ गावले गया व. यास्नी ठेसनवर दखा. कानबाईनं काम व्हयनं की येस."

लीलाच्या हातात साडी होती, बोटाला टिकली चिकटलेली. तिने ती टिकली तशीच ठेवली आणि वत्सलाकडे बघत राहिली.

"कसानी कानबाई?" ती म्हणाली. "जेठमा मना चुलत सासरा मरी गया. औंदा आमना भाऊकीमा कानबाई बसत नही. वरीसभर सन नही. हाई त्याले ठाऊक नही का?"

चुलत सासरा गेला तेव्हा पोपट गावी जाऊन डोकं भादरून आला होता, ते सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. धुडकूनेही पाहिलं होतं. पण पुरुषाला सण ठाऊक असतो, सणाचे नियम बायकांच्या डोक्यात असतात. धुडकूला खोटं बोलायला खान्देशी माणसाची सगळ्यांत खरी वाटणारी सबब सुचली. ती पोपटला त्या वर्षी लागूच नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि ते खोटं आपण आपल्या पायांनी चालत जाऊन लीलाच्या पदरात टाकलं, ही गोष्ट वत्सलाला त्याच क्षणी टोचली.

रात्री जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. आता धुडकू म्हणाला, मी स्वतः त्याला भुसावळच्या गाडीत बसवून दिलं. संध्याकाळी नुसतं पाहिलं होतं, रात्री बसवून दिलं. तिने वाढता वाढता म्हटलं, त्यांच्याकडे यंदा दुखवटा आहे, कानबाई नाही. धुडकूचा घास हातात राहिला. मग तो म्हणाला, "तुले काय करनं शे? आपलं घर दख." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते तिने त्या वेळी नवऱ्याच्या तोंडावर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. खातं बंद. दुपारी धुडकूने धुतलेला शर्ट घातला आणि म्हणाला, चलथाणला साखर कारखान्यातल्या एका गाववाल्याकडे जाऊन येतो. श्रावणात साखर कारखाना बंद असतो, तिथे कोणता गाववाला बसला आहे, हे वत्सलाने विचारलं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिने दोन विळे आणि दोन फडकी घेतली आणि लीलाच्या दारात गेली.

"चाल," एवढंच म्हणाली.

धुडकूच्या मागून निघालेल्या दुसऱ्या शटल रिक्षात, सीटवर भाडं घेणाऱ्या, दोघी बसल्या. चलथाणला उतरल्या तेव्हा तो पुढे कालव्याच्या वाटेला लागला होता. दोघींनी पदर डोक्यावरून पुढे ओढले, विळे हातात घेतले आणि कालव्याच्या अलीकडच्या काठाला गवत कापायला बसल्या. पाठीशी माणसाच्या वर गेलेला ऊस. गवत कापणाऱ्या बाईकडे या जगात कोणी बघत नाही. सरकारने हेर ठेवायचे तर गवतवाल्या बायका ठेवाव्यात, पगारही कमी लागेल.

पलीकडच्या काठावर एक लाल स्कूटर उभी होती. स्कूटरवाला शेठचा माणूस, खात्यात येऊन कारागिरांना दम देणारा. तो धुडकूच्या समोर उभा होता, पण त्याची पाठ बायकांकडे होती. त्याच्या खांद्यावरून धुडकूचं तोंड मात्र स्वच्छ दिसत होतं.

धुडकू सावध होता. दोनदा त्याने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली घेतला, इतका की हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाने मान पुढे केली. पण वीस वर्षं खात्यात काढलेला माणूस आवाज दाबू शकतो, ओठ दाबू शकत नाही. त्याचे ओठ खात्यातल्यासारखेच एकेक अक्षर फोडून दाखवत होते. आणि ते वाचायला समोर बायको बसली होती, हातात विळा घेऊन.

"पोपट का नाम मैंनेच दिया," धुडकू म्हणत होता. "पर तुम बोले थे खाली समझाने का है."

स्कूटरवाला काहीतरी बोलला. त्याची पाठ हलली.

"मेरे सामने मारा उसको. मेरे सामने." धुडकूने तोंडावरून हात फिरवला, मधले दोन शब्द गेले. मग हात खाली आला. "खाते के पीछे का कुआं बंद करवाओ. मट्टी डलवाओ. दो दिन में बास मारेगा."

वत्सलाच्या हातातला विळा बोटावरून फिरला. रक्त आलं. तिने बोट गवतात खुपसलं.

"काय सांगी राह्यना तो?" लीलाने विचारलं. तिला ओठ वाचता येत नव्हते. ती घरात बसून टिकल्या लावणारी, तिला खात्याची भाषा कुठून येणार? ती वत्सलाच्या तोंडाकडे बघत होती, जशी डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात.

वत्सला म्हणाली, "कामनंच बोली राह्यना. बाकी काही नही."

हे तिच्या तोंडून कसं निघालं, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. नवऱ्याला वाचवायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. मनीषा डोळ्यांसमोर आली, एवढंच खरं. खुन्याची पोर म्हणून तिला गल्लीतली पोरं दगड मारतील, पुढे तिला कोण करून घेईल, हे सगळं त्या एका श्वासात आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने मूठ झाकली.

लीलाने गवताचा भारा खरोखरच डोक्यावर घेतला, कोणाला संशय नको म्हणून. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "कामनं बोली राह्यना म्हनजे तो जित्ता शे ना व?" वत्सलाने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसती रिक्षा हलली म्हणून, देव जाणे.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. वत्सला खात्यात जाऊन कांड्या भरत होती. मागच्या खिडकीतून ती जुनी विहीर दिसायची. शुक्रवारी दुपारी दोन ट्रॅक्टर माती येऊन पडली. धुडकू उभा राहून मजुरांना दाखवत होता, माती कुठे टाकायची ते. घरी तो नीट जेवत होता, मनीषाचा अभ्यास घेत होता. वत्सलाला वाटे, हा रडला असता तर मी त्याला माफ केलं असतं. हेही तिचं खोटंच होतं, पण माणूस स्वतःशी बोलताना थोडं इकडेतिकडे करतो. शनिवार उजाडला.

शनिवारी सकाळी रोटाचे गहू मोजायचे असतात. कानबाईच्या रोटाची रीत अशी की भाऊकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. जिवंत पुरुषाची मूठ चुकायची नाही. जो मेला त्याची मूठ निघून जाते, बस, एवढाच फरक. ते गहू दळून केलेला रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, भाऊकीनेच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही.

घर सारवलेलं, चौरंग मांडलेला. वत्सलाची थोरली जाऊ उषाबाई आली होती, तिचा नवरा दगा आला होता, भाऊकीतल्या चारदोन बायका होत्या. धुडकू दाराशी भिंतीला टेकून बसला होता. उषाबाई नाव घेत होती आणि वत्सला मूठ टाकत होती, कारण घर तिचं.

"दगाना नावनी."

मूठ पडली, मग पाव मूठ.

आणखी सहा नावं झाली. गहू टोपलीत पडताना आवाज होतो म्हणतात, तो वत्सलाला कधीच ऐकू येत नसे, हाताला लागे.

"धुडकूना नावनी टाक," उषाबाई म्हणाली.

वत्सलाने मूठ भरली. टोपलीवर नेली आणि तशीच धरून ठेवली. मग तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, खात्यात बोलतात तसं म्हणाली, "पोपट कुवामा शे. कालवावर मी व्हतू."

घरातल्या बाकीच्यांना वाटलं, ती काहीतरी पुटपुटते आहे, देवीचं नाव घेत असेल. धुडकूला मात्र अक्षर न् अक्षर पोचलं.

"तू सांग," तिचे ओठ म्हणाले. "नहीतं मी सांगसू."

त्यानेही आवाज काढला नाही. "मी नही मारं," त्याचे ओठ म्हणाले.

"नाव तूच दिधं."

धुडकूने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे मनीषा कानबाईच्या नारळाला लावायची नथ हातात घेऊन बसली होती. "मनीषाले दख," तो म्हणाला. "वत्सला. पोरले दख."

नवराबायकोत इतकं बोलणं झालं आणि घरात कोणाला एक शब्द कळला नाही. उषाबाई वैतागून म्हणाली, "टाक ना व, हात दुखी जाई."

वत्सलाने मूठ पुन्हा पोत्यात रिकामी केली. मग ती मोठ्याने बोलली. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, गरजेपेक्षा मोठ्याने, की शेजारच्या तीन घरांना ऐकू जावं.

"मना घरमा पुरूस नही."

दगा ताडकन उठला. भावाची मूठ अडवणं म्हणजे त्याला जित्तेपणी मारणं. तो हात उगारून पुढे आला. वत्सलाने त्याच्याकडे न बघताच उरलेलं सांगून टाकलं, विहीर, माती, लाल स्कूटर, सगळं. दगाने दार लावून घ्यायला धाव घेतली, पण दारात लीला उभी होती. ती आवाज ऐकून आली होती की आधीपासूनच उभी होती, कोणाला माहीत नाही. तिने सगळं ऐकलं होतं.

त्या गडबडीत धुडकू मागच्या दाराने गेला. पोपट गावी गेला म्हणून सांगणारा स्वतःच भुसावळच्या गाडीत बसला. आठव्या दिवशी त्याला त्याच्या मामाच्या खळ्यातून धरून आणलं.

विहीर उकरली तेव्हा पोपट सापडला. खिशात हजेरीच्या कार्डाचा नमुना होता, त्याने स्वतः पट्टीने रेघा मारून केलेला. भिजून त्याचा लगदा झाला होता. त्या रविवारी गल्लीत कुठेच कानबाई बसली नाही.

कोर्टात वत्सला उभी राहिली. शेठच्या माणसाच्या वकिलाने विचारलं, बाई, तुम्हाला ऐकू येतं का? तिला प्रश्न ओठांवरून कळला, ती म्हणाली, कमी येतं. मग तुम्ही ऐकलं काय? तिने सांगितलं, ओठ पाहिले. सगळे हसले. वकील म्हणाला, बरं, माझ्या अशिलाचे ओठ पाहिले का? वत्सलाला खोटं बोलता आलं असतं. एकदा कालव्यावर बोलली होती, तसंच. ती म्हणाली, त्याची पाठ होती. त्या पाठीनेच तो सुटला. धुडकूला उभं राहून विहिरीत माती टाकून घेताना पाच जणांनी पाहिलं होतं, त्याला शिक्षा झाली. शेठचं तर नावही कागदावर आलं नाही.

भाऊकीने धुडकूला नाही, वत्सलाला वाळीत टाकलं. नवऱ्याने नाव दिलं, ते एक वेळ चाललं. बायकोने मूठ अडवली, हे काही केल्या पचलं नाही. उषाबाई रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूला जाई. कडोदऱ्याचं काम गेलं. वत्सलाला दुसऱ्या एका खात्यात कांड्या भरायचं काम लागलं. मनीषाची शाळा तिने सोडू दिली नाही. कपाळाचं कुंकूही तिने पुसलं नाही. नवरा जिवंत आहे, मग पुसायचं कशाला, असं कोणी विचारलं नसताना ती सांगत असे.

लीला तिच्याशी बोलत नव्हती. पोपट सापडला त्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला होता, कालव्यावर तुला कळलं होतं का. वत्सला हो म्हणाली होती. त्यानंतर लीलाने तोंड फिरवलं ते फिरवलंच. वर्षभराने टिकल्यांचं काम पुरेना म्हणून लीला वत्सलाच्या या नव्या खात्यात आली. मुकादमाला काय ठाऊक, त्याने तिला वत्सलाच्या समोरच्या ओळीत बसवलं. मध्ये वीस हातांची वाट आणि मागांचा तो गोंगाट. सहा महिने लीला खाली मान घालून कांड्या भरत राहिली. शेजारणी एकमेकींशी ओठांनी बोलत, ती बघत राही. खात्याची भाषा कोणी शिकवत नाही, ती बघून बघून येते.

एका दुपारी वत्सलाने मान वर केली तर लीला तिच्याकडेच बघत होती. लीलाचे ओठ हलले. नवशिक्या माणसासारखे, जास्तच मोठे उघडत, एकेक अक्षर तोडून.

"तीन रातना," लीला म्हणाली, "मी त्यानी भाकर झाकी ठेई."

वत्सलाला सगळं कळलं. कालव्यावरच्या त्या खोट्यानंतरच्या रात्री, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिने मान हलवली. पुढ्यातली कांडी भरून आली होती, ती काढून तिने दुसरी लावली.